अत्तर-पान राहिलं होतं

१

वऱ्हाडाचा मामला त्या काळी परक्या माणसाला समजावून सांगायचा म्हणजे डोक्याला ताप. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजाचा आणि हुकूम यायचे नागपूरहून. एका सासूच्या हाताखाली नांदणं कठीण, इथे तीन होत्या. सदतीस सालच्या सुमाराला या तिघींचं आपसांत काहीतरी नव्याने ठरलं आणि त्याचा त्रास झाला तो मला.

मी सूर्यभान, अकोल्याच्या कचेरीतला रेकॉर्डचा कारकून. ऐन उन्हाळ्यात मला अमरावतीला धाडलं. नव्या करारानंतर निजामाचे वकील पुन्हा वऱ्हाडात भेटीला येणार, अशी बोलवा होती. वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत; एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठवलेला आपला माणूस. असा माणूस आला की त्याला कुठवर सामोरं जायचं, कोणत्या खुर्चीवर बसवायचं, अत्तर कोणी लावायचं, पान कोणी द्यायचं, हे नागपूरच्या एकाही साहेबाला ठाऊक नव्हतं. तेव्हा जुनी दप्तरं काढा आणि रिवाज लिहून पाठवा, असा हुकूम सुटला. माणसं मरून गेली तरी त्यांच्या खुर्च्यांच्या जागा सरकार जपून ठेवतं, याचं मला तेव्हा फार हसू यायचं.

जुने कागद फारसीत, आणि मला फारसीतलं अक्षर कळत नव्हतं. म्हणून मी माझ्या सासऱ्यांना मदतीला घेतलं. ही दप्तरं ज्या सरकारी कोठीत होती, तिथेच वामनराव जन्मभर मुन्शी होते. पेन्शन घेऊन अमरावतीतच राहिले होते आणि सासूबाई गेल्यापासून एकटे पडले होते. त्यांना कामाचं निमित्त मिळालं, मला जेवणाची सोय झाली, आणि माझी बायको जमुना तर माहेरपण मिळालं म्हणून खुशीत होती.

कोठी कॅम्पातली, इंग्रजांनी बांधलेली, उंच छपराची. उन्हाळ्यात कचेरी सकाळची असायची. दुपारी सगळे घरी पळाले की आम्ही दोघंच उरायचो, कारण नागपूरला घाई होती. दारांना वाळ्याच्या ताट्या, बाहेर रणरणतं ऊन, आणि आत रुमालात बांधलेल्या दप्तरांचा कोंदट वास. आमच्या खोलीला लागून भेटीचा जुना हॉल होता. त्याला कुलूप होतं.

एका दुपारी मामाजी मला एक कागद वाचून दाखवत होते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. अचानक ते थांबले. पलीकडच्या बंद हॉलमधून कोणीतरी खाकरलं होतं. मोठ्याने नव्हे. आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं पाहून भला माणूस हळूच खाकरतो ना, तसं.

"कबुतर असन," मी म्हणालो.

"कबुतर खाकरते का जी, जवाईबापू?"

"कॅम्पातलं कबुतर हाये. साहेबी चाल शिकलं असन."

एरवी मामाजी हसले असते. ते त्या भिंतीकडे तोंड करून खुर्चीतून अर्धे उठले होते. घरात मोठं माणूस आल्यावर आपण उठतो तसे.

२

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला, नत्थुजीला, हॉल उघडायला सांगितलं. खुर्च्यांचा नकाशा काढून धाडायचाच होता. शिवाय ते कबुतर मला बाहेर काढायचं होतं.

"उघडून देतो," नत्थुजी म्हणाला. "पन आत मी येत नाई."

"काहून?"

"झाडू माराले बी आलो नाई कदी, त आता कायले येऊ?"

मी त्याला आळशी म्हणालो.  तो कुलूप काढून व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला.

आत कबुतर नव्हतं. एकही झरोका उघडा नव्हता. मोठा गालिचा अंथरलेला आणि त्यावर समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा, जशा मांडल्या होत्या तशाच. भेट संपल्यावर खुर्च्या भिंतीला लावायच्या असतात. इथे कोणी हात लावला नव्हता. सगळ्यावर धुळीचा जाड थर होता. अलीकडच्या रांगेत मधोमध साहेबांची खुर्ची. पलीकडे तिच्या बरोब्बर समोर वकिलांची, हातांची, वेताच्या बैठकीची.

त्या खुर्चीपुढे गालिच्यावर दोन जागी धूळ नव्हती. पावलं टेकतात तिथे, तेवढ्यापुरतीच.

छपरातून पाणी ठिबकत असेल, असं मी मनाशी म्हणालो. एप्रिलात पाणी कुठून ठिबकणार, हा विचार मी केला नाही. वाकून खुर्चीच्या वेतावर तळवा ठेवला. बाकीच्या खुर्च्यांचा वेत ताठ होता, हिचा खाली झोळ धरलेला. आणि तो कोमट लागला. उन्हाळ्यात सगळंच कोमट असतं.

"मामाजी, तुमची जागा कोनती होती? बसून दाखवा, म्हणजे मले नकाशात घेता येते."

हे मीच म्हणालो. पुढे जे झालं त्याला दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय मी ठेवलेली नाही.

मामाजींची जागा साहेबांच्या खुर्चीमागे डावीकडे होती. पण ते सरळ जाऊन बसले नाहीत. आधी जोडे दाराशी काढले. टोपी नीट केली. मग गालिच्याच्या कडेला उभं राहून त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीला कमरेतून वाकून मुजरा केला, पाठ न दाखवता मागे सरकले आणि आपल्या जागी बसले. आयुष्यभराची सवय. दरबारात मुजरा केल्यावाचून बसणं त्यांच्या हाडातच नव्हतं.

मला हसू आवरेना. "कोनाले जी?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मी नकाशा काढला, बाजू मोजल्या, कागद गुंडाळला. "झालं. उठा आता."

मामाजी उठले नाहीत. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोर. मी दुसऱ्यांदा म्हणालो. मग मात्र मी खांद्याला हात लावला, तेव्हा ते फार खालच्या आवाजात बोलले.

"थांबा. पाव्हने बसेल हायेत."

३

त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. उन्हात आल्यावर ते भानावर आले. मी म्हणालो, तुम्हाला झळ लागली. त्यांनी मान डोलवली.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळा लागून उठलो, तर टेबलाशी मामाजी नव्हते. हॉलमध्ये आपल्या जागी बसले होते. मी कुलूप घालून किल्ली नत्थुजीकडे दिली. नत्थुजीने ती मामाजींना दिली. का दिलीस म्हणून मी त्याच्यावर ओरडलो, तर म्हणाला, "मुन्शीजी मांगतेत. मी कसा नाई म्हनू? आन् किल्ली नसली तरी थे गेलेच असते जी."

घरी यायची वेळ रोज लांबत गेली. घरीही ते पूर्ण यायचे नाहीत, असं जमुना म्हणायची. ताटावर बसले तरी घास तसाच राहायचा. खाटेच्या कडेला ताठ बसायचे, हात गुडघ्यांवर, अंगणाच्या भिंतीकडे बघत. तिने हाक मारली की डोळ्यांनी गप्प राहायला सांगायचे.

"माहा बाप मले गप बस म्हन्ते," जमुना चुलीपुढे रडकुंडीला आली. "जल्मात कदी म्हनला नाई. तुमी काय केलं जी त्याईले?"

"मी काय करन? वय झालं, ऊन हाये."

"ऊन हाये! ऊन काय यंदाच पडलं?"

 मला राग आला, आणि राग आला की मी वाद घालतो. मी मामाजींसमोर जाऊन बसलो.

"मामाजी, तो हॉल रिकामा हाये."

"हो."

"मंग रोज तिथं कायले बसता?"

 ते लहान पोराला समजावतात तसं सांगू लागले. भेट म्हणजे काय, तर पाहुणा येतो, बसतो, बोलतो. मग यजमान आपल्या हाताने त्याला अत्तर लावतो, पान देतो. पान हातात आलं की पाहुण्याला निरोप मिळाला. तोवर त्याने उठायचं नाही. आणि तो उठत नाही तोवर दुसऱ्या कोणीही उठायचं नाही.

"त्या हॉलातल्या शेवटच्या भेटीत तार आली," मामाजी म्हणाले. "साहेब तसेच उठून भायेर गेले. त्याईच्या मांगं आमी सारे. तबकात पान तसंच राह्यलं. मी बी पाठ केली, जवाईबापू. पाव्हना बसेल असतानी."

"मंग वकीलसाहेब?"

"थे मोठे रिवाजाचे मानूस."

"थे गेले असतीन ना, मामाजी! इतकी वर्सं झाली. मेले बी असतीन."

"मेले त हायेतच," ते म्हणाले. "गेले नाईत."

त्या रात्री मला झोप आली नाही. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होतो.

४

आणि मग एका दुपारी मामाजी घरी आलेच नाहीत. त्या दिवशी मी ट्रेझरीत कामाला गेलो होतो. परत आलो तर दिवस कलला होता आणि जमुना दारात उभी होती.

ती कोठीवर जाऊन आली होती. बापाला उठवायला तिने हात ओढला होता, पाय धरले होते. ते जागचे हलले नव्हते. कालपासून त्यांच्या पोटात पाणी नव्हतं. ओठ फुटले होते.

"थे तिथंच मरतीन," ती म्हणाली. आता रडत नव्हती. "माह्या बापाले उठवून आना. कसं थे मले मालूम नाई. तुमीच बसवलं, तुमीच उठवा."

मग ती आत गेली. पितळी डबा काढून तिने विडा लावला. अंजनगावचं कोवळं पान होतं, चुना, कात, सुपारी, वर लवंग टोचली. बापाच्या पेटीतून हिन्याच्या अत्तराची कुपी काढली. ताटलीवर दोन्ही ठेवून माझ्या हातात दिलं. मी तिच्याकडे पाहिलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमचं बोलणं तिने चुलीपाशी ऐकलं होतं, एवढंच.

कोठीवर नत्थुजी नव्हता. हॉलचं दार उघडं होतं आणि पश्चिमेचं ऊन गालिच्यावर आडवं पडलं होतं. मामाजी आपल्या जागी होते. त्यांचा श्वास दारातून ऐकू येत होता, कोरडा, खरखरीत. मी जोडे काढले. का काढले, सांगता येत नाही.

"मामाजी, पान आनलं."

त्यांची नजर समोरून हलली नाही. "मले नाई," ते पुटपुटले. "पयले त्याईले."

"मी कारकून हाये जी. मी कोन देनारा?"

"जो देते, थो यजमान."

मी साहेबांच्या खुर्चीच्या बाजूने पुढे झालो. ती रिकामी खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर होती. रिकामी होती, मी शपथेवर सांगतो. तिच्या पाठीच्या वेताचे आडवे-उभे पेड मला मोजता आले असते. मला घाम फुटला होता आणि हसूही येत होतं. बायकोने लावलेला विडा घेऊन मी एका खुर्चीपुढे वाकलो होतो. कचेरीतल्या कोणी पाहिलं असतं तर जन्मभर चिडवलं असतं.

कुपीचं बूच काढलं. बोटावर थेंब घेतला आणि हात पुढे केला, हवेत.

बोट कापडाला लागलं.

मऊ कापड होतं, धुतलेलं, आत हात होता. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते. मला बाहीची कड दिसली, पांढरी, मनगटाशी बटण असलेली. तिच्यापुढे काही नव्हतं आणि तिच्याहून वर बघायचं माझं धाडस झालं नाही. मी नजर गालिच्यावर ठेवली आणि ताटली पुढे धरली. ताटली हलकी झाली.

मग वेत कुरकुरला. इतक्या वर्षांचा झोळ सुटताना जसा वेळ लागेल, तसा सावकाश. पावलं उठली आणि माझ्या अगदी जवळून, हिन्याच्या वासासकट, दाराकडे गेली. गालिच्याच्या कडेशी थांबली.

"पोचवाले जा," मामाजी मागून कुजबुजले. "कडेवरी."

मी गेलो. कडेशी उभा राहिलो. कोणीतरी माझ्या बाजूला उभं होतं आणि वाट बघत होतं. काय करायचं मला कळेना, म्हणून मी वाकलो. आजवर कोणत्याही साहेबापुढे वाकलो नव्हतो इतका वाकलो. पुन्हा ताठ झालो तेव्हा व्हरांड्यात नुसतं ऊन होतं.

मागे मामाजी खुर्चीवरून कोसळले. मी त्यांना उचललं. ते माझ्या गळ्यात हात टाकून लेकरासारखे रडले आणि म्हणाले, "पानी द्या जी, पानी."

५

मामाजी वाचले. चार दिवसांत भाकरी खाऊ लागले. नकाशा आणि रिवाजांचं टिपण मी नागपूरला पाठवून दिलं. वकील काही आले नाहीत. पुढे त्यांचं येणं रद्द झालं म्हणे. आम्ही अकोल्याला परतलो आणि जमुनाने हट्टाने बापाला सोबत आणलं. जठारपेठेतल्या आमच्या घरी ते दुपारी ओसरीवर बसून शेजाऱ्यांशी गप्पा मारायचे, पानाला लावलेला चुना बोटाने चाखायचे, माझी टिंगल करायचे. जमुना पुन्हा हसायला लागली होती. मी त्या हॉलचं नाव घेत नव्हतो. झळ लागली होती, दोघांनाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

दसऱ्यानंतरची गोष्ट. सुट्टीचा दिवस, जेवणं झाली होती. मी आणि मामाजी माजघरात लवंडलो होतो. जमुना बाहेरून पदर सावरत आत आली.

"अजी, पाव्हने आलेत. हैदराबादचे म्हन्तेत. बग्गी उभी हाये."

"कोन?"

"मले काय मालूम? मोठे अदबीचे हायेत. आत या म्हनलं, त नाई म्हनले, न्यायले आलो म्हन्तेत. भरउन्हात उभे हायेत, लांब पांढरा अंगरखा, पन घामाचा थेंब नाई."

मी उठून बसलो. "दिसायले कसे हायेत?"

"दिसायले?" ती बोलायला गेली आणि थांबली. कपाळाला आठी घातली. "आत्ताच त पाह्यलं म्या. थांबा..." तिला आठवेना. आपल्याला आठवत नाही याचंच तिला हसू आलं.

 मामाजी मात्र शांतपणे उठले होते. कोपऱ्यातल्या खुंटीवरची टोपी त्यांनी काढली आणि झटकली.

"परतभेट," ते म्हणाले. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट जुनी तरतरी आली होती. "थे आपल्याकडं आले, आपुन पान देल्लं. आता आपुन त्याईच्याकडं जा लागते. मीच सांगनार होतो, जवाईबापू. पन तुमी इषयच काढू देत नव्हते."

"मामाजी, पान म्या देल्लं. मी जातो. तुमी बसा."

"यजमान एकटा जाते काय कुठी? मुन्शी लागतेच संगं."

"जमुना," मी म्हणालो, "बाबांले जाऊ देऊ नको."

ती बुचकळ्यात पडून माझ्याकडे बघत राहिली. तिने त्या हॉलमध्ये बापाचे पाय धरले होते. पण बाहेर उभा होता तो एक अदबीचा पाहुणा, आणि बाप कितीतरी दिवसांनी पहिल्यासारखा ताठ उभा होता.

"काहून जी?" ती म्हणाली. "इतक्या मानानं बलावू राह्यलेत. जाऊ द्या ना त्याईले. दिवस बुडाच्या आत येतीन."

मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्यापलीकडे ऊन होतं आणि उन्हात हिन्याचा वास होता. मी पुन्हा वळेपर्यंत तिने खुंटीवरून बापाचा काळा कोट काढला होता. मामाजींनी हात मागे केले आणि जमुनाने बाही धरून त्यांना तो घालून दिला.